पाण्याची टाकी दिसत नाही

धुकं पडलं की लखनौतल्या लोकांना थंडी वाजते. मला लाज वाटते.

आज सकाळी पडदा सारला आणि समोर काहीच नव्हतं. गल्ली नाही, समोरच्या श्रीवास्तवांचं घर नाही, त्यांच्या गच्चीवर कायम वाळत पडलेली रजई नाही. यंदाच्या थंडीतलं हे पहिलं असं घट्ट धुकं. मी पडदा पुन्हा ओढून घेतला. जणू काही मी पाहिलं नाही तर ते बाबांनाही दिसणार नव्हतं! पण बाबा केव्हाच गॅलरीत जाऊन बसले होते. कानटोपी, मफलर, मांडीवर रेडिओ. रेडिओ बंद होता.

बाबा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. मिरजेहून इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला आले, जन्मभर शेवाळांवर काम केलं, निवृत्त झाले, आणि परत जाऊ परत जाऊ म्हणता म्हणता अलीगंजमधल्या या घरातच राहिले. आई काही वर्षांपूर्वी गेली. मी एकुलती एक. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. पहाटे उठून माइकसमोर जाऊन बसणारी बायको कुणाला हवी होती, आणि पहाटे उठवून चहा मागणारा नवरा मलाही नको होता. एफएमवर बोलायचं, हा माझा धंदा. या शहराला माझा चेहरा माहीत नाही, आवाज माहीत आहे. आवाज कुणाचा म्हणायचा, हे मात्र आता मला सांगता येत नाही.

आमचं स्टेशन एका फर्निचरच्या शोरूमवर होतं. मालक एकच, खाली सोफे आणि वर आम्ही. त्यांना सगळे भाईसाहब म्हणत. एफएमचं वारं नवं होतं तेव्हा त्यांनी हौसेनं लायसन घेतलं. घरचे नको नको म्हणत होते, पण माणूस हट्टी. सोफा बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते हमखास वर घेऊन यायचे, चपला बाहेर काढायला लावायचे, आणि काचेपलीकडे आम्ही बोलतोय ते दाखवायचे. प्राणिसंग्रहालयात असल्यासारखं वाटायचं आम्हाला. पण खरं सांगते, मजाही वाटायची. भाईसाहबांना रेडिओतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी आपल्या गावात आपलं गाव बोलतंय याचं त्यांना भारी कौतुक होतं.

इथल्या थंडीत महिना-दीड महिना असा असतो की शहर सकाळचं उठतं आणि स्वतःलाच सापडत नाही. तेव्हा आमचा एक कार्यक्रम असायचा, 'आज क्या दिखा'. पद्धत साधी. फोन करणाऱ्यानं आपल्या दारातून रोज दिसणारी एक वस्तू सांगायची, आज ती दिसते की नाही. बस, इतकंच. चारबागहून एक हमाल सांगायचे की आज रेल्वे स्टेशनाचे घुमट गेले, आता गाड्यांचं काही खरं नाही. चिनहटच्या कारखान्यातले एक चौकीदार ड्यूटी संपवून घरी जाता जाता सांगायचे की समोरचं गेट दिसतंय पण त्यावरची पाटी दिसत नाही. बख्शी का तालाबहून एक शेतकरी फोन करायचे, त्यांना धुक्याची कमी आणि बटाट्यावर पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडेल याचीच काळजी जास्त. अर्ध्या तासात सगळं लखनौ असं तुकड्यातुकड्यानं जोडलं जायचं. स्कूटरवाले, दूधवाले, मुलांना शाळेत सोडणाऱ्या आया, सगळे ते ऐकून घराबाहेर पडायचे.

माझा त्यात एकच नियम होता. फोन आला नाही तर त्या भागाचं नाव घ्यायचं नाही. नियम खरं तर बाबांचा. दिसलं तर दिसलं लिहावं, नाही दिसलं तर नाही लिहावं, आणि बघितलंच नसेल तर गप्प बसावं, असं ते त्यांच्या विद्यार्थ्यांना सांगत. मला लहानपणापासून ऐकून पाठ.

आणि अलीगंजहून फोन कुणाचा यायचा? बाबांचाच. आमच्या गॅलरीतून पाण्याची टाकी दिसायची, उंच, करड्या रंगाची, ती त्यांची वस्तू. मी फटफटताना घरून निघायचे तेव्हा ते दारात उभे असायचे. टाकी दिसतेय की नाही हे तिथेच सांगता आलं असतं की! पण नाही. घरचा माणूस म्हणून आपला नंबर लागला, असं कुणी म्हणायला नको. मग लँडलाइनची वायर ओढत गॅलरीपर्यंत न्यायची, लाइन एंगेज लागली तर पुन्हा पुन्हा फिरवायची, आणि लागला की म्हणायचं, "मैडम, पानी की टंकी नहीं दिख रही." मी म्हणायचे, "जी सर, शुक्रिया." बाप-लेकीनं एकमेकांना सर-मॅडम म्हणायचं आणि सगळ्या शहरानं ऐकायचं. कुणाला कधी संशय आला नाही. बाबांचं हिंदी मिरजेचं, पण रेडिओवर तेही खपून जायचं.

गंमत आईची. तिला हा सगळा पोरखेळ वाटे. बाबा फोनला चिकटले की ती आतून ओरडायची, "अहो, चहा गार होतोय!" ते थेट प्रक्षेपणात जायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी आल्यावर मी तिच्यावर चिडायचे की आई, निदान तेवढं मिनिटभर तरी गप्प बस. ती मटार सोलत म्हणायची की तुझ्या रेडिओपायी मी दोनदा चहा करायचा का? तिचं बरोबर होतं. ती वाटल्या मटारचा लखनवी निमोना करायची तोही आमचा गोडा मसाला घालून, कुणाचं ऐकणारी नव्हतीच ती.

आता शोधते तर तिचा आवाज आमच्या घरात कुठेच नाही. फोटो आहेत भरपूर. मोबाइल समोर धरला की ती तोंडावर पदर घ्यायची आणि हातानं नको नको करायची. एका लग्नाच्या व्हिडिओत ती बोलताना दिसते, पण त्यावर बँडबाजा. जन्मभर आवाजावर पोट भरलेली तिची मुलगी, आणि तिनं आईचा आवाज एकदाही टिपून ठेवला नाही. कुणाला सांगायचीही सोय नाही हे.

स्टेशन कसं उतरत गेलं त्याची मोठी कहाणी नाही. जाहिराती मोबाइलवर गेल्या. आधी कोचिंग क्लासवाले गेले, मग सराफ, मग लग्नाचे हॉल. शेवटी आम्ही चिकनकारी कुर्त्यांच्या सेलवर आलो. भाईसाहब स्वतः ओळखीच्या दुकानांतून जाहिरात मागत फिरू लागले. एकदा त्यांच्याबरोबर मी होते. ज्या दुकानदारानं कधीकाळी वर येऊन आम्हाला काचेतून बघितलं होतं, त्यानं मोबाइलमधून मान वर न करता विचारलं की आजकाल रेडिओ ऐकतं कोण? भाईसाहब हसले. बाहेर आल्यावर बराच वेळ त्यांना गाडीच्या किल्ल्या सापडेनात. हातातच होत्या.

पुढे त्यांनी स्टेशन विकलं. घेणारी कंपनी बाहेरची, अनेक शहरांत स्टेशनं असलेली. सकाळचा कार्यक्रम तिकडूनच येऊ लागला, एक मुलगा बसल्या जागी सगळ्या शहरांना एकच विनोद सांगायला लागला. इथे उरलो आम्ही दोघं-तिघं जाहिराती गोळा करायला, आणि आमच्यावर मॅनेजर म्हणून आकांक्षा, तिशीची, हुशार, गोड बोलणारी मुलगी. घरी मी बाबांना सांगितलं की मॉर्निंग शो आता दुसरं कुणी करतं, मी दहाला जाते. ते म्हणाले, बरं झालं, झोप मिळेल.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आकांक्षानं मला बोलावलं. म्हणाली, मॅम, कोहऱ्याच्या, धुक्याच्या दिवसांत लखनौला लखनौचाच आवाज हवा, आणि तुमचा आवाज हाच तर आपला ब्रँड आहे. रोज यायला नको, एकदाच रेकॉर्ड करून द्या. मी खूश! इतक्या दिवसांनी कुणी माझा आवाज मागितला होता. बाहेर अजून उकडत होतं, रेकॉर्डिंगसाठी पंखा बंद केलेला, आणि मी घाम पुसत म्हणत होते: आज घना कोहरा है. आज हल्का कोहरा है. चारबाग की तरफ़. चिनहट में. बख्शी का तालाब के आसपास. सगळं वेगवेगळं, म्हणजे त्यांना हवं तसं जोडता येईल. जी, बताइए. अच्छा! शुक्रिया. मग तिनं हसायला सांगितलं. नुसतं, कशावर नाही. मी हसले. तिनं म्हटलं, मॅम, थोडं अजून मोकळं. मी अजून मोकळं हसले.

कागदावर सही केली तेव्हा माझ्या मनात बाबांचा तो नियम आला नव्हता असं नाही. आला होता. मी त्याला म्हटलं, बस जरा बाजूला.

थंडी जवळ आली तसं माझं अवसान गळालं. रेकॉर्डिंगचं बाबांना सांगितलं नव्हतं, आणि धुक्याच्या दिवसांत ते रेडिओ काढणार हे मला माहीत होतं. मग मी काय करावं? त्यांच्या रेडिओतले सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले, आणि ते विचारायला लागले की उद्या आणते, परवा आणते. पन्नाशी उलटलेली बाई मी, म्हाताऱ्या बापाचे सेल चोरत होते. शेवटी एक दिवस ते स्वतःच काठी टेकत कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि घेऊन आले.

दुसऱ्याच सकाळी धुकं पडलं. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत गेले आणि रेडिओतून मी बोलत होते. "आज घना कोहरा है." बाबांनी रेडिओकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बंद होतं, हातात कप. रेडिओतली मी म्हणाली, "अलीगंज से कौन हैं हमारे साथ? जी, बताइए." आणि रेडिओतून बाबांचा आवाज आला. "मैडम, पानी की टंकी नहीं दिख रही."

स्टेशनाबरोबर जुन्या कार्यक्रमांचा सगळा साठाही विकला गेला होता. फोन करणाऱ्या लोकांचे आवाजही. ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं, आणि जोडकाम करणाऱ्या मंडळींना कुठे माहीत असणार की अलीगंजची ती टाकी आदल्याच उन्हाळ्यात पाडून टाकलीय! धुकं असो नसो, आमच्या गॅलरीतून टाकी कधीच दिसणार नव्हती. दुसऱ्या कुठल्या वेळी आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो.

आणि त्या आवाजामागून, लांबून, आई म्हणाली, "अहो, चहा..." पुढचं ऐकूच आलं नाही, कारण तिथे त्यांनी माझं हसू जोडलं होतं. मोकळं, कशावरच नसलेलं हसू. ते सगळं संपेपर्यंत चाललं.

मला वाटलं जमीन दुभंगावी. बाबा रागावतील, विचारतील, मी सगळं कबूल करीन, असं मी मनाशी जुळवत होते. बाबांनी फक्त माझ्या हातातला कप घेतला.

"नीलू," ते म्हणाले, "उद्याही लावतील का गं?"

याच्यापेक्षा त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मी ऑफिसात गेले ती माझा आवाज काढून टाका म्हणायला नाही. मी आकांक्षाला म्हटलं की तो अलीगंजवाला फोन रोज लावा. मूळ रेकॉर्डिंगची कॉपी मिळेल का, हेही विचारलं. हसू न जोडलेली. का हवी, तेही सांगितलं. ऐकताना तिचे डोळे भरून आले, पण कॉपी देणं तिच्या हातात नव्हतं. "मैम, वो कंपनी की प्रॉपर्टी है," ती अगदी हळू म्हणाली. माझी आई कंपनीच्या मालकीची झाली होती, आणि भाईसाहबांनाही त्याची कल्पना नसणार. त्यांना वाटलं असेल आपण एक लायसन आणि चार यंत्रं विकली. रोज लावण्याचं मात्र तिनं लगेच केलं, त्याला काय, एक बटण. मला तिचे आभार मानावे लागले.

मग ती थंडी तशी गेली. रोज सकाळी बाबा आंघोळ करून, दाढी करून गॅलरीत बसायचे. हो, दाढी करून. रेडिओ कानाशी धरायचे आणि माझ्या हसण्याच्या खालून आईचं उरलेलं वाक्य शोधायचे. मी एकदा मोबाइल जवळ धरून ते टिपून घेतलं. त्यात माझं हसू खणखणीत आलं आणि आई डासासारखी. बाबांना ऐकवलं नाही. ते म्हणायचे, आज 'गार' पर्यंत ऐकू आलं बरं का. मी हो म्हणायचे. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहायचे. आपल्याच हसण्याचा इतका तिरस्कार वाटू शकतो हे मला माहीत नव्हतं.

संक्रांत होऊन गेली आणि एक दिवस स्वच्छ ऊन पडलं. काय ऊन ते! श्रीवास्तवांची रजई लाल आहे हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं. रेडिओत मी म्हणत होते, आज घना कोहरा है, चारबाग की तरफ़, बख्शी का तालाब के आसपास. अलीगंजचा फोन रोज लावायचा म्हणून त्याच्या मागचं-पुढचं धुकंही रोज लागत होतं. मी सांगितलं होतं, त्यांनी लावलं होतं. बाबा ऐकत होते. तेवढ्यात रामसेवक दूध घेऊन आला, रोजच्यापेक्षा उशिरा. तो बख्शी का तालाबच्या पुढच्या गावातून मोटरसायकलवर येतो. गावात ऊन होतं, पण दीदी रेडिओवर घना कोहरा म्हणाल्या, पुढे रस्त्यावर ट्रक असतात, म्हणून तो थांबून राहिला होता. तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात. हसत होता. त्याला वाटलं माझ्याकडून चूक झाली, होतं कधीकधी. म्हणाला, "कोई बात नहीं दीदी, आप कह रही थीं तो हम रुक गए."

तो गेल्यावर मी पातेलं धरून तशीच उभी. बाबांनी रेडिओ बंद केला. आई अजून यायची होती, त्याआधीच बंद केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"काढून टाकायला सांग," ते म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, फक्त धुकं असेल त्या दिवशी लावायला सांगते ना. त्यांनी मान हलवली. म्हणाले, तिकडे बसून त्यांना कसं दिसणार धुकं आहे की नाही? आणि टाकी तर नाहीच आहे. मग म्हणाले, तो माणूस दूध घेऊन रस्त्यावर येतो नीलू, त्याला आपण असं सांगायचं नाही. 'आपण' म्हणाले. मला एकटीला नाही पाडलं त्यांनी त्यात. त्यांच्या त्या 'आपण'नं मी जी खाली बघायला लागले, ती आजतागायत.

आकांक्षानं विचारलं, "पक्का, मैम?" मी म्हटलं, पक्का. माझे सगळे तुकडेही काढायला सांगितले. ते लगेच ऐकलं असं नाही, पण कोहराच संपत आला होता, त्यामुळे कुणी फारसा वादही घातला नाही. आता सकाळी फक्त तो मुलगा असतो, तो धुक्याबद्दल काही बोलत नाही. बोलत नाही ते एका अर्थी बरंच. रामसेवक ॲप बघून निघतो. आमचं काम करणारं आता कुणी नाही, आणि कुणाचं अडलंही नाही. याचंही वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं याची लाज वाटते.

आज सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत गेले तेव्हा बाबांची दाढी केलेली होती. बंद रेडिओ मांडीवर. ते टाकी होती त्या दिशेला बघत होते, तिथे आज खरोखरच काही नव्हतं, आकाशही नव्हतं. माझी चाहूल लागली तरी मान वळवली नाही.

"मैडम," ते म्हणाले, "पानी की टंकी नहीं दिख रही."

घरात, समोरासमोर, त्यांनी मला पहिल्यांदाच मॅडम म्हटलं. थट्टाच करत होते. म्हातारा मला माफ करत होता, त्याच्या पद्धतीनं. मला हसू फुटलं, अगदी ओठांपर्यंत आलं. पण त्या वाक्यानंतर हसायला मला धीर झाला नाही. ती जागा माझ्या हसण्याची नव्हती. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. बाबा कान देऊन बसले होते. धुक्यात कुठे काही वाजत नव्हतं, आणि माझ्या हातात चहा गार होत होता.